वाशिष्ठीच्या खाडीत पाणी आणि तळ मोजताना

नदीचा विसर्ग मोजायचा असेल तर पाणी एकाच दिशेला चाललेलं असतं आणि तासाभरात पातळी फारशी हलत नाही. खाडीत या दोन्ही सवलती मिळत नाहीत. उधाणाच्या दिवशी दाभोळपाशी सकाळी आठ-नऊला जोरात आत शिरणारं पाणी दुपारी तीनला तितक्याच जोरात बाहेर पडत असतं. मधल्या वेळात पातळी दोन मीटरहून जास्त चढून उतरायला लागलेली असते. त्यामुळे ‘इथं खोली किती?’ आणि ‘इथून पाणी किती जातं?’ या दोन्ही प्रश्नांचं उत्तर खाडीत एका आकड्यात देता येत नाही. तो आकडा किती वाजता घेतला आणि कोणत्या शून्यापासून मोजला, हे शेजारी लिहिलेलं नसेल तर तो टाकून द्यावा लागतो. या कामात होडीवर जितका वेळ जातो, जवळपास तितकाच काठावरच्या पातळी वाचायच्या पट्ट्या, लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं यंत्र) आणि घड्याळं यांत जातो. तो वेळ वाचवायला गेलं की पुढचं सगळं बिघडतं.

वाशिष्ठी सह्याद्रीतून उतरून चिपळूणला येते. गोवळकोटपासून खाली ती खऱ्या अर्थानं खाडी होते. वाटेत खेडकडून येणारी जगबुडी तिला मिळते आणि दाभोळ व अंजनवेल यांच्यामधून ती समुद्रात जाते. कोकणातल्या बाकीच्या खाड्यांपेक्षा हिचं वेगळेपण म्हणजे कोयनेचं अवजल. कोयनेच्या वीजगृहांतून आलेलं पाणी शेवटी कोळकेवाडीच्या ८० मेगावॉटच्या चार संचांमधून बाहेर पडतं आणि वाशिष्ठीत येतं. कृष्णा पाणीतंटा लवादानं कोयनेचं पाणी पश्चिमेला वळवायला घातलेली मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी आहे. तेवढं पाणी वर्षभर सारखं सोडलं असं धरलं तर सेकंदाला सुमारे ६० घनमीटर, म्हणजे २,१०० क्युसेकच्या थोडं वर. पण ते सारखं सुटत नाही. विजेची मागणी वाढली की संच चालू होतात आणि उतरली की बंद होतात. म्हणून मे महिन्यात, इतर नद्यांची पात्रं कोरडी पडलेली असताना, वाशिष्ठीत दिवसातून काही तास गोड्या पाण्याचा लोंढा येत राहतो. चिपळूणच्या बाजूच्या पट्ट्यात मोजणी करायची तर त्या दिवशीच्या संचांच्या चालू-बंद वेळा आधी मागून घ्याव्यात. त्या नसतील तर पातळीच्या आलेखात मध्येच आलेला फुगवटा भरतीचा की अवजलाचा, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

दिवस ठरवायला पंचांग लागतं. तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ निघते हा कोळ्यांचा हिशेब अजूनही उपयोगाचा आहे. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण खात्याच्या भरतीच्या तक्त्यावरून घ्यायची. पण आठवड्याची आखणी तिथीवरच होते. उधाण पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी पुरतं भरात येतं. तेव्हा भरती दुपारी बाराच्या सुमारास आणि ओहोटीचे तळ पहाटे-संध्याकाळी सहाच्या सुमारास असतात. हे आमच्या फायद्याचं आहे. दिवसाउजेडी तेरा तासांत ओहोटी-भरती-ओहोटी असं एक पूर्ण चक्र पदरात पडतं, आणि तळ मोजायला दुपारी भरपूर पाणी मिळतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, वेळा बरोबर उलट होतात आणि पाणीही कमी चढतं, कमी उतरतं. खाडीचा स्वभाव कळायचा तर दोन्ही घ्यावेच लागतात. फक्त उधाणाच्या मोजणीवर काढलेला निष्कर्ष भांगाला लागू पडत नाही.

उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या पट्ट्याची मोजणी मात्र अडचणीची. उधाणाची ओहोटी पहाटे सहाला, उजेड पुरेसा नाही. ओहोटी रोज पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून पौर्णिमेनंतरचा दुसरा ते चौथा दिवस धरायचा. तेव्हा पाणी अजून खूप खाली जातं आणि वेळ साडेसात ते नवाच्या दरम्यान येते. गोवळकोटच्या आसपास मगरी आहेत आणि ओहोटीला त्या याच चिखलावर ऊन खायला येतात. तिथं एकट्यादुकट्यानं काठी घेऊन उतरायचं नाही, आणि आधी होडीतून काठ नीट न्याहाळून घ्यायचा.

आता शून्याविषयी, कारण सर्वांत मोठ्या चुका इथंच होतात. समुद्री नकाशावरच्या खोल्या चार्ट डेटमपासून असतात, म्हणजे पाणी सहसा ज्याच्या खाली जात नाही अशा पातळीपासून. जमिनीवरच्या उंच्या मध्यम समुद्रपातळीपासून असतात. मुंबईत अपोलो बंदरला या दोन शून्यांत २.५१ मीटरचं अंतर आहे. पुलाच्या कामाचे लोक एका शून्यावर, बंदराचे दुसऱ्या शून्यावर, आणि दोघांचे आकडे एका नकाशावर आले की खाडी अडीच मीटर उथळ किंवा खोल होऊन बसते. शिवाय हे अंतर प्रत्येक बंदराला वेगळं असतं. मुंबईचा आकडा दाभोळला चालत नाही, आणि दाभोळचा चार्ट डेटम सपाट रेषेनं गोवळकोटपर्यंत ओढत नेता येत नाही. खाडीत वर जावं तसा तळ चढत जातो आणि ओहोटीचं पाणी मुखाइतकं खाली उतरतच नाही. म्हणून किमान तीन ठिकाणी पातळी नोंदवावी लागते: मुखाशी, मध्यावर आणि गोवळकोटला.

प्रत्येक ठिकाणी जेट्टीच्या खांबाला सेंटीमीटरच्या खुणांची पट्टी बसवतो. लाकडी पट्टी फुगते आणि वाकते, अ‍ॅल्युमिनियमची बरी. पट्टीचं खालचं टोक सर्वांत मोठ्या ओहोटीलाही पाण्यात राहिलं पाहिजे. नाहीतर नेमकी ओहोटीची पातळी, जिच्यावर सगळं अवलंबून, तीच हुकते. तेवढी खोल जागा एका खांबाशी मिळाली नाही तर दोन पट्ट्या लावायच्या, एक वर आणि एक चिखलाकडे, आणि दोन्हीवर एकदम वाचता येईल असा अर्धा मीटर समाईक ठेवायचा. पट्टीचं शून्य जवळच्या तीन पक्क्या, उंची माहीत असलेल्या खुणांशी लेव्हलनं जोडायचं, जाऊन-येऊन. किलोमीटरभराच्या फेरीत १२ मिलिमीटरच्या आत जुळलं नाही तर पुन्हा. दर दहा मिनिटांनी वाचन. फेरीबोट गेली की लाटा येतात, तेव्हा वरचं आणि खालचं टोक वाचून मध्य काढायचा. त्यासाठी पट्टीला लागून पीव्हीसीचा पाइप उभा करावा, तळाशी दोन-तीन बारीक भोकं पाडलेला. त्याच्या आत पाणी शांत राहतं. पंधरा दिवसांत पट्टीवर शेवाळ आणि कालवं बसायला लागतात आणि खुणा दिसेनाशा होतात, ती घासून घ्यावी लागते.

रात्रीच्या नोंदीसाठी दाबावर चालणारा सेन्सर चांगला, पण त्याला दोन दुरुस्त्या लागतात. हवेचा दाब एक हेक्टापास्कलनं बदलला की पाणी एक सेंटीमीटरनं चढलं-उतरलं असं तो सांगतो, म्हणून काठावर हवेचा दाब नोंदवणारा दुसरा सेन्सर हवा. दुसरी दुरुस्ती पाण्याच्या घनतेची. सेन्सरवर चार मीटर पाणी असेल तर समुद्राचं खारं पाणी आणि नदीचं गोडं पाणी यांत दहा सेंटीमीटरचा फरक निघतो. गोवळकोटला एकाच दिवसात अवजलामुळे आणि भरतीमुळे खारटपणा वर-खाली होतो, तेव्हा तिथं हा फरक दुर्लक्षिण्यासारखा नाही. दिवसातून काही वेळा पट्टी वाचून सेन्सर ताडून पाहायचा.

आणि घड्याळ. जीपीएसची वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, आपली पाच तास तीस मिनिटं पुढे. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास बारा मिनिटं. म्हणजे ही एक दुरुस्ती राहिली तर भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटी येऊन बसते, आणि खोलीची दुरुस्ती उलट्या दिशेनं लागते. बेरजेत काही चुकलेलं नसतं, आलेखही गुळगुळीत दिसतो, फक्त सगळी खाडी चुकीची असते. कामाच्या सकाळी सगळी यंत्रं, मोबाइल आणि पट्टी वाचणाऱ्यांची घड्याळं एका वेळेवर आणायची आणि वहीच्या पहिल्या ओळीत ‘भाप्रवे’, म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, असं लिहायचं.

तळ मोजायचं यंत्र इको साउंडर. आवाजाला तळापर्यंत जाऊन यायला लागलेला वेळ ते मोजतं, म्हणून आवाजाचा पाण्यातला वेग त्याला नीट सांगावा लागतो. तीस अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे १,५०९ मीटर, त्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात सुमारे १,५४६. यंत्र १,५०० वर ठेवून मुखाशी मोजलं तर दहा मीटर खोलीला ३० सेंटीमीटर कमी दिसतात. खाडीच्या एका टोकाला बरोबर असलेला वेग दुसऱ्या टोकाला चुकतो, आणि भरतीला बरोबर असलेला ओहोटीला.

यावर आमचा भरवसा बार चेकवर. एक जड लोखंडी पत्रा, दोन्ही बाजूंना न ताणणारी साखळी, साखळीवर दर दोन मीटरला खूण. होडी शांत पाण्यात उभी करायची, पत्रा ट्रान्सड्यूसरच्या (यंत्राच्या आवाज सोडणाऱ्या-ऐकणाऱ्या भागाच्या) बरोबर खाली, पाण्याच्या पृष्ठभागापासून दोन मीटरवर धरायचा आणि यंत्र काय दाखवतं ते लिहायचं. मग चार, सहा, आठ. खाली जाताना आणि वर येताना दोन्ही वेळा. दोन मीटरला जेवढा फरक तेवढाच आठ मीटरला असेल तर ट्रान्सड्यूसर किती बुडाला आहे त्या मापात चूक आहे. खोलीबरोबर फरक वाढत गेला तर आवाजाचा वेग चुकला आहे. या दोन चुका ओळखायला याहून सोपी तपासणी नाही, तरी घाईत हीच टाळली जाते. सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि डिझेल भरल्यावर किंवा माणसं चढली-उतरली की बुडणाऱ्या भागाचं माप पुन्हा.

होडी निवडताना स्थानिक तांडेलांचं ऐकावं. लाकडी होडी होकायंत्राला चांगली, पण आत इंजिनाचं लोखंड असतंच. ट्रान्सड्यूसरचा खांब कुशीला, नाळेपासून (पुढच्या टोकापासून) साधारण एक तृतीयांश ते निम्म्या अंतरावर बांधायचा. नाळेजवळ बांधला तर उसळणाऱ्या पाण्याचे बुडबुडे खाली येतात आणि खोली गायब होते. मागे बांधला तर पंख्याचं फेसाळ पाणी. खांबाला पुढे आणि मागे ताणदोर हवेत, नाहीतर ओढीत तो थरथरतो.

आडवे छेद, म्हणजे होडीनं तळ मोजत जायच्या रेषा, दर पन्नास मीटरनं, पात्राला काटकोनात. त्यांना कापत जाणाऱ्या दोन-तीन लांब उभ्या रेषा. जिथं आडवी आणि उभी रेषा एकमेकींना छेदतात तिथं दोन्हींची सुधारलेली खोली जुळली पाहिजे. दहा-पंधरा सेंटीमीटरच्या आत असेल तर काम चांगलं. सगळीकडे एकाच दिशेचा फरक दिसला तर बहुधा पातळीच्या नोंदीत गडबड. चढ-उतारांवरच फरक दिसला तर जीपीएस आणि साउंडर यांच्या वेळेत अंतर आहे असं समजावं. होडी सेकंदाला दोन मीटरनं चालली आहे आणि यंत्रं अर्धा सेकंद मागे-पुढे आहेत, तर प्रत्येक खोली एक मीटर सरकते. जाताना एका बाजूला, येताना दुसऱ्या. नकाशावर समान खोलीच्या रेषा करवतीसारख्या दातेरी दिसायला लागतात.

खाडीच्या शांत कोपऱ्यांत ताजा गाळ पातळ असतो, घट्ट तळ आणि पाणी यांच्या मधला. २०० किलोहर्ट्‌झचा आवाज त्या गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो, ३३ किलोहर्ट्‌झचा आत शिरून घट्ट तळाला लागतो. दोन्ही वारंवारता एकदम चालवून फरक पाहायचा आणि शंका आली की ओळंबा सोडायचा. इथले जुने खलाशी खोली वावांत (पसरलेल्या दोन हातांच्या मापात) सांगतात, तेही विचारून घ्यावं. कुठं तळ मऊ, कुठं कातळ, कुठं रेती, हे त्यांना हाताला कळतं. वाळू उपसलेल्या पट्ट्यात दर पन्नास मीटरचा छेद पुरत नाही. खड्ड्यांच्या कडा उभ्या असतात; एक छेद खड्ड्यातून जातो, दुसरा कडेवरून, आणि संगणक मधे नसलेला उतार काढून देतो. तिथं दहा मीटरवर यावं.

काठाजवळ पाऊण मीटरहून कमी खोलीत साउंडर चालत नाही. ती पट्टी ओहोटीला आरटीकेच्या (सेंटीमीटरपर्यंत अचूक जीपीएसच्या) काठीनं घ्यायची. काठीला तळाशी तळहाताएवढी चकती लावावी, नाहीतर ती चिखलात रुतते आणि काठ अर्धा हात खाली जातो. भरतीला होडीतून घेतलेले आणि ओहोटीला काठीनं घेतलेले बिंदू काही मीटर एकमेकांवर आले पाहिजेत, म्हणजे दोन्ही मापं ताडता येतात. आरटीकेचं दुरुस्तीचं सिग्नल दोन्ही बाजूंच्या डोंगरांमुळे वळणावर तुटतं. दुरुस्ती पाठवणारं बेसचं यंत्र एखाद्या उंच गच्चीवर ठेवला तर बराच फरक पडतो.

वाहतं पाणी मोजायला छेदाची जागा नीट निवडावी लागते. सरळ पट्टा, वळणापासून लांब, जेट्टी आणि फेरीबोटीची वाट टाळून. बोक्षी जाळ्यांचे, म्हणजे ओढीत खुंटांना बांधून ठेवलेल्या जाळ्यांचे, खुंट कुठं आहेत ते आधी विचारायचं. ती माणसं पाण्याच्या ओढीवर पोट भरतात, आपण त्यांच्या जाळ्यांवरून होडी नेऊ नये. दोन्ही काठांवर एकामागे एक असे दोन-दोन रंगवलेले खांब रोवायचे, म्हणजे तांडेलांना ते एका रेषेत ठेवून होडी छेदावर राखता येते. ओढ जोराची असली की होडीचं तोंड वर आणि चाल आडवी, हे कौशल्य त्यांचंच.

आता बहुतेक काम एडीसीपीवर होतं. होडीच्या कुशीला बांधलेलं हे यंत्र पाण्यात तरंगणाऱ्या कणांवरून परतणारा आवाज ऐकून प्रत्येक थराचा वेग सांगतं. सहाशे किंवा बाराशे किलोहर्ट्‌झचं यंत्र या खोलीला पुरतं. पण त्याला वरचा आणि खालचा भाग दिसत नाही. बुडालेला भाग आणि त्याखालची आंधळी पट्टी धरून वरचे साठ-सत्तर सेंटीमीटर जातात, आणि तळाजवळचे साधारण सहा टक्के. आठ मीटर खोलीत हे चालून जातं. अडीच मीटरच्या उथळ भागात मात्र एक तृतीयांश पाणी न मोजलेलं राहतं आणि अंदाजानं भरावं लागतं.

हा अंदाज खाडीत सावधपणे करायचा. नदीत वरून खाली वेग ठरावीक वळणानं कमी होतो, म्हणून एक षष्ठांश घाताचं सूत्र चालतं. खाडीत पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी गोडं पाणी वरून बाहेर आणि खारं पाणी तळाशी आत, असं एकाच वेळी चाललेलं असतं. तिथं ते सूत्र लावलं तर तळाचं पाणी चुकीच्या दिशेला वाहू लागतं. दोन दिशांचा प्रवाह दिसला की वरच्या भागाला सर्वांत वरच्या मोजलेल्या थराचाच वेग द्यायचा आणि तळाशी तो शून्याकडे न्यायचा. याच कारणानं दोरीनं पाण्यात सोडायच्या करंट मीटरनं वेग मोजताना एकूण खोलीच्या ०.२ आणि ०.८ वरची दोन वाचनं खाडीत पुरेशी नाहीत. दर मीटरला एक, शिवाय त्याच वेळी खारटपणा आणि तापमान. करंट मीटरची दोरी ओढीनं तिरपी होते हेही ध्यानात घ्यावं. वीस अंश कलली तर खरी खोली दोरीच्या लांबीपेक्षा सहा टक्के कमी असते. वजन वाढवावं, किंवा कोन मोजून दुरुस्ती करावी.

एडीसीपीच्या तयारीतली दोन कामं सोडू नयेत. एक, होकायंत्राची जुळणी, सगळी माणसं आणि लोखंडी सामान ज्या जागी राहणार त्याच जागी ठेवून. दुसरं, तळ हलतो का याची तपासणी. यंत्र आपला वेग तळाशी तुलना करून काढतं. उधाणाच्या जोरात रेतीचा तळच सरकत असेल तर त्याला वाटतं आपणच प्रवाहाच्या विरुद्ध चाललो आहोत, आणि विसर्ग कमी दाखवतं. एका काठावरून निघून पलीकडे जाऊन पुन्हा त्याच खांबाशी यायचं. यंत्राच्या मते आपण जिथं आहोत आणि खरोखर जिथं आहोत यात प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला अंतर पडलं तर तळ हलतो आहे. मग तळ सोडून जीपीएसचा आधार घ्यायचा. भरतीला आणि ओहोटीला ही तपासणी वेगवेगळी करावी लागते, कारण ओढ दोन्ही वेळा सारखी नसते.

यंत्र किती बुडालं आहे याचं माप दहा सेंटीमीटरनं चुकलं तर पाचशे मीटर रुंद छेदात, ०.८ मीटर वेगाला, ४० घनमीटर प्रति सेकंदाची चूक होते. वाशिष्ठीच्या संदर्भात हे वर्षभराच्या सरासरी अवजलाच्या दोन तृतीयांश झालं. टेपनं दोनदा मोजायला मिनिट लागत नाही.

पाचशे मीटर सेकंदाला एक मीटर चालीनं पार करायला आठ-साडेआठ मिनिटं लागतात. भर भरतीत तेवढ्यात पातळी सात-आठ सेंटीमीटरनं बदलते आणि वेगही. नदीत चार फेऱ्यांची सरासरी काढतात; खाडीत ती काढू नये, प्रत्येक फेरी स्वतंत्र आकडा आणि तिची वेळ म्हणजे फेरीच्या मध्याची वेळ. फेरीच्या दोन्ही टोकांना होडी थोडी उभी ठेवून काठापर्यंतचं अंतर मोजायचं. अशा फेऱ्या तेरा तास, दर वीस मिनिटांनी तरी. होडीवर माणसांच्या दोन पाळ्या हव्यात. दुपारनंतर उन्हानं माणूस थकतो आणि वहीतल्या चुका वाढतात.

पाणी फिरतं ती वेळ सर्वांत जपायची. पट्टीवर पातळी चढून थांबली म्हणजे प्रवाहही थांबला असं नाही. पातळी उतरायला लागल्यावरही मधल्या खोल भागात पाणी काही काळ आतच जात राहतं. काठाचं उथळ पाणी आधी फिरतं. तेव्हा छेदावर एक रेघ दिसते, फेसाची आणि तिवरांच्या पानांची, काठापासून थोड्या अंतरावर. रेघेच्या अलीकडची पानं समुद्राकडे सरकत असतात, पलीकडची चिपळूणकडे. होडी ती रेघ ओलांडते तेव्हा सुकाणूला हिसका बसतो आणि पडद्यावरच्या बाणांची दिशा उलटते. या अर्ध्या तासात फेऱ्या थांबवून जेवायला बसण्याचा मोह होतो, कारण वेग कमी असतो. पण निव्वळ किती पाणी आत राहिलं याचा हिशेब इथंच ठरतो, म्हणून फेऱ्या उलट वाढवायच्या आणि होडी आणखी हळू चालवायची.

हिशेब का नाजूक, ते आकड्यांत पाहू. समजा भरतीत सरासरी सेकंदाला ९०० घनमीटर पाणी सहा तास बारा मिनिटं आत आलं. ते झालं सुमारे २ कोटी घनमीटर. ६० घनमीटरचं गोडं पाणी एका पूर्ण चक्रात, म्हणजे १२ तास २५ मिनिटांत, सुमारे २७ लाख घनमीटर भरतं. भरती आणि ओहोटी या दोन्ही मापांत पाच-पाच टक्के चूक असेल तर प्रत्येकी दहा लाख. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून लहान आकडा काढायचा आणि त्यात अर्ध्याइतकी चूक. त्यातून इथल्या दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात, एक मोठी, एक लहान. एका चक्राच्या शेवटी पाणी सुरुवातीच्या पातळीला येतच नाही, आणि राहिलेला साठा निव्वळ प्रवाह म्हणून मोजला जातो. निव्वळ प्रवाह हवा असेल तर पंचवीस तास मोजावं. एवढी माणसं-साधनं नसतील तर तेरा तासांवरून निव्वळ आकडा देऊ नये, भरती-ओहोटीचे कमाल प्रवाह द्यावेत. ते तेरा तासांत चांगले मिळतात.

आलेले प्रवाह खरे वाटतात का, हे पाहायला एक सोपा ताळा आहे. छेदाच्या वरच्या बाजूला पाण्याचं क्षेत्र समजा १० चौरस किलोमीटर आहे आणि पातळी तासाला ५० सेंटीमीटरनं चढते आहे. ती चढवायला सेकंदाला सुमारे १,४०० घनमीटर पाणी छेदातून आत यायलाच हवं. वरून येणारं गोडं पाणी त्यातून वजा. एडीसीपी ९०० सांगत असेल तर कुठंतरी मोठी चूक आहे: कदाचित यंत्राचं माप, कदाचित क्षेत्र धरताना भरतीला पाण्याखाली जाणारी खाजणं आणि तिवरांचे पट्टे धरले-सोडले त्यात. उपग्रहाच्या चित्रावरून क्षेत्र काढताना ते चित्र भरतीचं की ओहोटीचं हे पाहून घ्यावं. यासाठीच मधल्या आणि वरच्या पट्टीची नोंद लागते, कारण सगळी खाडी एकदम चढत नाही.

चिपळूणला २२ जुलै २०२१ ला महापूर आला आणि त्यानंतर वाशिष्ठीतला गाळ काढायचं काम झालं. गाळ किती निघाला आणि पुढच्या पावसाळ्यात किती परत आला, हे कळायला तेच छेद, त्याच खांबांच्या रेषेत, त्याच शून्यावर, मे अखेरीस आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा मोजावे लागतात. दोन मोजण्यांतला फरक वीस सेंटीमीटर असेल आणि प्रत्येक मोजणीत पंधरा सेंटीमीटरची शंका असेल, तर ‘गाळ भरला’ असं म्हणू नये. मोठा पट्टा घेऊन सरासरी काढली तर विखुरलेल्या चुका एकमेकींना मारतात. शून्याची चूक मात्र सरासरीनं जात नाही, ती जशीच्या तशी राहते.

म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात तिथी, तारीख, भरती-ओहोटीच्या वेळा, तिन्ही पट्ट्यांची शून्यं, आवाजाचा धरलेला वेग, बार चेकचे आकडे आणि संचांच्या वेळा एवढं तरी छापावं. पक्क्या खुणा एकाच जागी करू नयेत. जेट्टीची डागडुजी झाली की तिच्यावरची खूण हमखास जाते, रस्ता रुंद झाला की मोरीवरची. एक जेट्टीवर, एक देवळाच्या जुन्या जोत्यावर आणि एक उघड्या कातळात टाकीनं कोरून, आणि तिन्हींचे फोटो, अंतरं, दिशा वहीत. पुढच्या वेळी दुसरी माणसं येणार आहेत, त्यांना ती खूण विचारपूस न करता सापडली पाहिजे.